पहिल्या हाताला विचारायचं नसतं

अशोक,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात बसायला जागा उरली नव्हती, लोक बाहेर चपलांच्या ढिगापर्यंत उभे होते. वंदना झाली आणि मग भाषणं सुरू झाली. ती ऐकता ऐकता मला तुझा इतका राग आला की माझं नाव पुकारलं तेव्हा मी नुसती मान हलवली आणि जागचा उठलो नाही. लोकांना वाटलं, मास्तरचा कंठ दाटला. दाटलाबिटला काही नव्हता. तोंड उघडलं असतं तर भर सभेत तुला शिव्या घातल्या असत्या, आणि मैनावहिनी समोरच बसल्या होत्या.

काय काय म्हणाले ते ऐक. तालुक्याचे एक साहेब म्हणाले, हा माणूस पोलादाचा होता. वेणा नदीच्या पुरातून याने जिवंत माणसं काढली, मेलेली काढली, पण याच्या डोळ्यात कुणी कधी पाणी पाहिलं नाही. टाळ्या पडल्या, अशोक. पुण्यानुमोदनाला टाळ्या. मागे आपलं बचाव पथक बसलं होतं, नारिंगी टी-शर्ट घालून, बाराच्या बारा जण, आणि सगळे माना डोलावत होते. कारखान्यात, प्लंबिंगला, दुकानात कामं करणारी ही बायकापोरांची माणसं. पुढच्या पावसाळ्यात फोन आला की हीच पाण्यात उतरणार आहेत, आणि डोळ्यात पाणी न येणं हाच मोठेपणा, हे त्यांच्या डोक्यात परवा पुन्हा एकदा पक्कं झालं. तू गेलास तरी तुझी शिकवणी चालूच आहे.

पोलाद म्हणे. बावन्नाव्या वर्षी दुपारच्या सुट्टीत जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीला टेकून बसलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते खरंच आहे. त्या हृदयावर दोन वर्षं काय ठेवलेलं होतं ते डॉक्टरांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं.

पाचवीपासून आपण एका बाकावर बसलो. अल्लीपूरच्या शाळेत तू गणितात माझं पाहून लिहायचास आणि मी विहिरीच्या काठावर बसून तुझ्या उड्या मोजायचो. मी डी.एड.ला गेलो त्या दिवसापासून तू मला मास्तर म्हणायला लागलास, ते मानाने नाही, चिडवायला. पुढे दोघंही हिंगणघाटला आलो, तू जिनिंगमध्ये फिटर आणि मी शाळेत. माझ्या घरात पाणी शिरलं त्या वर्षी तू आईला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलंस. ती सगळा रस्ताभर तुझ्या कानाशी ओरडत होती की माझी डाळीची बरणी राहिली. तू तिला टाकीवर नेऊन बसवलंस आणि बरणी आणायला परत गेलास. बरणीसाठी, अशोक! मी तेव्हाही तुला वेडा म्हणालो होतो. आई जाईपर्यंत त्याच बरणीतली डाळ शिजवायची आणि पहिली वाटी तुझ्याकडे पाठवायची. हे मी सभेत सांगायला हवं होतं. हे सांगितलं असतं तर शिव्या आपोआप मागे राहिल्या असत्या.

पण मला त्या नियमाबद्दल बोलायचं होतं.

पथकाचा नियम असा. पाण्यातून प्रेत काढताना ज्याचा हात पहिला लागतो, त्याला कुणी काही विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्याला खाली बसवायचं, दुसऱ्याने त्याच्या हातावर पाणी घालायचं, तिसऱ्याने त्याचे जोडे काढायचे, आणि विषय बंद. वेणेकाठच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने तुला पोहण्याबरोबर हेही शिकवलं होतं. तू पथकाचा प्रमुख झालास तेव्हा त्यात स्वतःची एक भर घातलीस. पहिला हात नेहमी तुझाच. दुसऱ्या कुणाला तू प्रेताजवळ आधी पोचूच दिलं नाहीस. बाकीच्यांना वाचवायची तुझी ती पद्धत होती. मला ते कळत होतं. म्हणूनच मला त्याची चीड होती.

"अबे, मांजर आडवी गेली तं तू मुद्दाम त्याच रस्त्यानं जातो," मी म्हणायचो. "गावात अंधश्रद्धेवर भाषणं देतो. मंग हे कसं पाळतो?"

"हे अंधश्रद्धा नाई रे मास्तर. हे मानसाची लाज राखनं आहे."

"कोनाची लाज?"

"ज्यानं पाह्यलं त्याची. त्यानं जे पाह्यलं ते कोनाले दाखवासारखं नसते. तू विचारशीन तं त्याले पुन्हा पाहा लागन."

"अन् नाई विचारलं तं तो पाह्यचा बंद होते का?"

"खपली धरू द्याची असते. उकरून पाह्यची नसते."

"आतून पिकलं असन तं?"

"तं डॉक्टर आहे ना."

"तेच तं म्हणून राह्यलो!"

"तू डॉक्टर नाई," तू म्हणायचास. "तू मास्तर आहे." आणि हसून पाना उचलायचास, कारण बोटीचं इंजिन कायम अर्धं उघडलेलं असायचं. हा वाद आपण निदान तीस वेळा घातला असेल. दर वेळी तू याच वाक्यावर संपवलास.

पथकाकडे लक्ष ठेवायला तालुक्याने मला नेमलं आणि मी नागपूरला पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आलो तेव्हा तर तुला आयतंच कोलीत मिळालं. आपत्तीत काम करणाऱ्या माणसांचं मन कसं खंबीर ठेवायचं, असा विषय होता. शिकवलं ते साधंच होतं. एकाच माणसावर सगळा भार टाकू नका, कामं आळीपाळीने द्या, कामानंतर एकत्र बसा, बोलायचं असेल त्याला बोलू द्या, झोप उडाली असेल त्याच्याकडे लक्ष द्या, गरज असेल तर डॉक्टरकडे न्या. मी सोबत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं आणली होती. ती तू बोटीच्या शेडमध्ये पत्त्यांसारखी पिसलीस आणि म्हणालास, "रडका चेहरा माह्याजवळ आहे, उतारी कोनाची?" सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

तरी एक कबूल करतो. तुझ्याजवळ एक औषध होतं आणि ते माझ्या कार्डांपेक्षा जास्त चालायचं. काम संपलं की सगळ्यांना हायवेवरच्या त्या टपरीवर तर्री-पोहे खायला न्यायचंच, ओल्या कपड्यांनी का होईना. टपरीवाल्याला तू सांगून ठेवलं होतंस, पथक आलं की पोह्यांवरचा रस्सा, तर्री, झणझणीत पाहिजे. मला वाटायचं तुझ्या जिभेचे चोचले आहेत. मग एकदा मीही सोबत होतो. विहिरीतून एक म्हातारा काढला होता त्या दिवशी. बारा माणसं प्लेटवर वाकून खात होती, सगळ्यांची नाकं वाहत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि जो तो म्हणत होता, लयच तिखट आहे बाप्पा आज. दोघं-तिघं खाऊन झाल्यावरही बराच वेळ डोळे पुसत होते. तू त्यांच्याकडे पाहत नव्हतास, मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभा होतास. तेव्हा मला समजलं की हा माणूस मूर्ख नाही. याला सगळं कळतं आणि तरी हा नियम मोडत नाही. त्याने तर माझा राग दुप्पट झाला.

फॉर्मची गोष्ट आठवते का? विसरला असशील तर मी विसरू देणार नाही. अल्लीपूरकडच्या नाल्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली वाहून गेली, त्यानंतर महिनाभराने मी पथकासाठी प्रश्नावली काढली. झोप कशी लागते, भूक लागते का, तेच तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं का, असे दहा प्रश्न. तू म्हणालास, दे, मी सगळ्याइकडून भरून आनतो. दोन दिवसांत तेरा फॉर्म आणलेस. तेराच्या तेरा माणसांची झोप उत्तम. भूक उत्तम. डोळ्यांपुढे काहीच येत नाही. मी खूश झालो, तालुक्याला अहवाल पाठवला की पथकाचं मनोबल चांगलं आहे.

नंतर माझ्या ध्यानात आलं की तुला सोडून पथकात माणसं बारा. तेरावा फॉर्म ज्याच्या नावाचा होता तो पुण्याला नोकरीला जाऊन चार महिने झाले होते. तरी त्याला हिंगणघाटात छान झोप लागत होती. तू जुन्या यादीवरून, घरी बसून, तीन वेगवेगळे पेन वापरून सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरले होतेस. मी जाब विचारला तर म्हणालास, "पोराइले कायले तरास द्याचा? मले माहीत आहे ना सगळे कसे आहे ते."

आज विचारतो, तुला काय माहीत होतं? तुला काहीही माहीत नव्हतं, अशोक. आज सकाळी मला कळलं की तुला काहीही माहीत नव्हतं. पण ते सांगण्याआधी पवनारचं लिहायला हवं, आणि तेच लिहायचं मी इतका वेळ टाळतो आहे.

ट्रॉलीत निंदणाहून परतणाऱ्या बाया होत्या. नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाणी चढलेलं, तरी ट्रॅक्टरवाल्याने घातली. बाकीच्या कशाबशा काठाला लागल्या, दोघी जावा ट्रॉलीला धरून मध्येच अडकल्या. तू कमरेला दोर बांधून गेलास. काठावर दोराचं टोक पथकातल्या निलेशच्या हातात होतं. तू एकीला घेऊन परत आलास, दुसरी गेली. दोन दिवसांनी ती खाली सापडली, तिथेही पहिला हात तुझाच, म्हणजे विचारायची सोयच उरली नाही. सगळे असंच धरून चालले, की अशोकभाऊच्या हातून ती निसटली, पाण्याला ओढ होती, कुणाचा इलाज नव्हता.

त्याच हिवाळ्यात पवनारला धाम नदीच्या घाटावर शाळेच्या मुलांना बचावाचं प्रात्यक्षिक दाखवायला आपण गेलो. पायरीवर शेवाळ होतं. एक शिक्षिका घसरून पाण्यात बसली आणि तिने तुझ्याकडे हात केला. तू हात दिला नाहीस, बांबू पुढे केलास. पोरं हसली, अशोकभाऊ लाजते म्हणाली. मग मला गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. तू हात मागे बांधून चालायला लागला होतास. लोकांना वाटायचं, प्रमुखाचा रुबाब आहे, पथकातले दोघं-तिघं तशीच चाल चालायला लागले होते. लेकीच्या पाठवणीला तिने तुझा हात धरायला हात पुढे केला तेव्हा तू कपाटाला दोरी नीट बांधली का ते बघायला टेम्पोकडे गेलास.

मुलं गेल्यावर आपण दोघंच घाटावर बसलो. मी तुला बांबूवरून चिडवलं. तू हसला नाहीस.

"ते जिवंत होती, मास्तर. ट्रॉलीवाली. तिनं माहा हात धरलता, घट्ट. दुसरी गळ्याले पडलती, दोघी झेपत नव्हत्या. मी हात सोडवून घेतला. मी सोडवला."

पुढे म्हणालास, "कोनाचाई हात हाती आला का मले ते बोटं लागते."

मग शब्द घेतलास. "कोनाले सांगजो नको. तिचा नवरा अजून रस्त्यात दिसला तं हात जोडते. म्हणते, भाऊ, तुमी लय कोशिश केली. त्याले हे समजलं तं मी त्याले तोंड कसं दाखवू?"

मी शब्द दिला. तुझ्याजवळ बसून राहिलो. ऐकणं महत्त्वाचं, असं शिकलो होतो, ते केलं. नंतर दोनदा म्हणालो, चल, नागपूरला एका डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत येतो. एकदा तू म्हणालास कापसाचा सीझन संपू दे, दुसऱ्यांदा म्हणालास पावसाळा संपू दे. तिसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. खरं सांगू का? तू साऱ्या जगाला सोडून मला एकट्याला सांगितलंस, याचा मला आतून थोडा अभिमान वाटत होता. गुपित सांभाळलं की मैत्री सांभाळली, असं मी धरून चाललो. मी तुझा हात धरून तुला बसमध्ये बसवायला हवं होतं. नाहीच जमलं तर मैनावहिनींना सांगून ओढत न्यायला हवं होतं. तू भांडला असतास, वर्षभर बोलला नसतास. चाललं असतं मला. आज वर्षभर न बोलणारा अशोक मला फार चालला असता.

आता आज सकाळचं.

पथकाने एकमताने निलेशला प्रमुख केलं. अडतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, प्लंबिंगची कामं करतो, दहा वर्षं तुझा दोर सांभाळणारा माणूस, दुसरं कोण होणार? मी अभिनंदन करायला शेडवर गेलो. तो एकटाच होता, दोर तपासत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर, दुसरं कोनी पाहा. मी नाई होत प्रमुख."

"काऊन?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग दोर खाली ठेवला.

"ट्रॉलीच्या दिवशी माहा पाय सटकला, सर. काळी माती, पानी पडलेलं. दोन हात दोर सरकन निंगून गेला. भाऊले झटका बसला. मी सावरलो अन् वर पाह्यलं तं त्याइच्याजवळ एकच बाई. माह्यानं गेली ते बाई." त्याचा आवाज अगदी सरळ होता, हिशोब पाठ म्हणावा तसा. "भाऊले माहीत होतं. झटका त्याइलेच बसला ना. पन त्याइनं कधी कोनाले सांगतलं नाई, मले एक शब्द नाई बोलले. मरेपर्यंत झाकून ठेवलं. त्याइचे उपकार आहे माह्यावर. त्याइच्या जागेवर मी कसा बसू?"

कळतंय का तुला, अशोक? दोर एक होता. एका टोकाला तू म्हणत होतास मी मारली, दुसऱ्या टोकाला तो म्हणत होता मी मारली. आणि त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही दोघं शेजारी बसून तर्री-पोहे खात होता. तुझ्या गप्प बसण्याला तो क्षमा समजत होता. तू त्याचा फॉर्म भरलास! झोप उत्तम, लिहिलंस! तो माणूस दोन वर्षं नाल्याच्या त्या रपट्यावरून गाडी नेत नाही, अल्लीपूरकडचं काम आलं तर लांबून फिरून जातो. मला हे आज कळलं. तुला कधीच कळलं नाही, कारण विचारायचं नव्हतं ना.

मी शेडच्या दारात उभा राहून ठरवत होतो की तुला दिलेल्या शब्दाचं काय करायचं. परवाच लोकांनी तुला पोलाद म्हटलं होतं. मी बोललो तर आज ना उद्या गावभर होणार की अशोकने जिवंत बाईचा हात सोडवून घेतला. तिच्या नवऱ्यापर्यंत जाणार. त्याचं काय करायचं ते मला अजूनही कळत नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण न बोलावं तर समोर हा उभा होता, हात मागे बांधून.

मी शब्द मोडला. पवनारच्या घाटावरचं सगळं सांगितलं, तू म्हणालास तसंच्या तसं.

मला वाटलं होतं तो रडेल, मोकळा होईल. प्रशिक्षणात असंच काहीतरी सांगितलं होतं. तो भडकला.

"तुमाले कधीपासून माहीत आहे हे?"

"त्या हिवाळ्यापासून."

"म्हंजे त्याच्यानंतरई माह्या समोर येऊन तुमी ते चेहऱ्याइचे कार्डं वाटत होते, अन् तुमाले माहीत होतं?"

"तुझं माहीत नव्हतं, निलेश."

"माहं विचारलं कोनी?"

  तो शेडमध्ये येरझारा घालायला लागला. मग एकदम थांबला, दोर उचलला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं.

"भाऊनं तिले कोन्या हातानं धरलतं? डाव्या का उजव्या?" तो नाल्यात असावा तसा उभा राहिला होता, काठ डावीकडे, ओढ उजवीकडे. "दोर ढिला झाला का माणूस असा फिरते, पाहा. उजव्या हातात असन तं ते झटक्यानंच गेली, भाऊले उगाच वाटलं का त्याइनं सोडवली. डाव्या हातात असन तं माह्या झटक्याचा संबंधच नाई. अन् झटका आधी बसला का हात आधी सोडवला? काय म्हणाले भाऊ?"

तो माझ्याकडे पाहत होता. दोन वर्षांत कुणी इतक्या आशेने माझ्याकडे पाहिलं नसेल. एवढंसं उत्तर पाहिजे होतं त्याला, आणि ते जगात एकाच माणसाजवळ होतं, आणि तो माणूस घाटावर पूर्ण दुपारभर माझ्या शेजारी बसला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याला काहीच विचारलं नाही."

"काहीच नाई?"

"नाही."

तुझा नियम मोडा म्हणून बारा वर्षं तुझ्याशी भांडणारा मी. आणि तो सगळ्यात कडक मीच पाळला होता. तू एवढं बोललास आणि मी तुझी लाज राखत बसलो. तुला कदाचित तो एक प्रश्न हवा होता, अशोक. कदाचित तू त्याचीच वाट पाहत बांबू पुढे केला असशील. आता हे मी कुणाला विचारू?

निलेशने कमरेचा दोर सोडला. मला वाटलं तो निघून जाणार, आणि गेला असता तर मी त्याला अडवलं नसतं, तेवढा हक्क मी गमावला होता. पण तो बोटीच्या काठावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मंग मले तं विचारा, सर," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसलो आणि विचारलं, "काय झालं होतं त्या दिवशी? अगदी पहिल्यापासून सांग."

"फोन आला तवा मी जेवून राह्यलतो," त्याने सुरुवात केली.